स्पर्धा कंपन्यांची, खिसा ऊसतोड मजुराचा!

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील वाड्या, वस्त्या, तांडे रिकामे होऊ लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून कोयते निघतात ते कोल्हापूर, सांगलीच्या नाही तर कर्नाटकच्या फडात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी असते, कडेवर लेकरू असते आणि आता खिशात मोबाईलही असतो. या मोबाईलने मजुराला काय दिले आणि त्याच्याकडून काय वसूल केले, याचा हिशेब कोणी मांडायचा?

दिले नाही असे आम्ही म्हणत नाही. २००३ पूर्वी आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. पुढे कर्नाटकात गेलेल्या मजुराला गावाकडच्या म्हातारीचा फोन घेतला तरी रोमिंगचा भुर्दंड बसे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, महिनोनमहिने फुकट इंटरनेट वाटले आणि बाकीच्या कंपन्यांना दर पाडावे लागले. स्पर्धेचा खरा फायदा गरिबाला झाला तो त्या दोन-तीन वर्षांतच. त्याच काळात एअरसेल बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाईल सेवा गुंडाळली, टेलिनॉर आणि टाटा डोकोमो एअरटेलच्या पोटात गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. खाजगी कंपन्या उरल्या तीन.

मग काय झाले? डिसेंबर २०१९ मध्ये दर वाढले, २०२१ च्या अखेरीस पुन्हा वाढले. जुलै २०२४ मध्ये जिओ आणि एअरटेलने ३ तारखेला, तर व्होडाफोन-आयडियाने ४ तारखेला नवे दर लावले. अवघ्या दोन दिवसांत तिघांनीही! याला स्पर्धा म्हणायचे असेल तर आठवडी बाजारातल्या दलालांनी आदल्या रात्री भाव ठरवणे हीसुद्धा स्पर्धाच म्हणावी लागेल.

एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाचे १७९ चे रिचार्ज त्या दिवशी १९९ चे झाले. मुदत २८ दिवस. महिना ३० दिवसांचा, रिचार्ज २८ दिवसांचे, म्हणजे वर्षात १२ नव्हे तर १३ रिचार्ज. एका फोनचे २,५८७ रुपये, नवरा-बायकोच्या दोन फोनचे ५,१७४. हे पैसे उचलीतूनच जातात, आणि उचल ऊस तोडूनच फेडायची असते. घरात एकच फोन परवडला तर तो कोणाच्या खिशात राहतो, हे सांगायला नको. बायकोला माहेरी बोलायचे तर नवऱ्याची मर्जी पाहायची.

महागडे रिचार्ज घ्यावे तर रोज दीड जीबी डेटा मिळतो; पण जो माणूस पहाटे फडात उतरतो आणि रात्री कोपीत अंग टाकतो, तो दीड जीबी वापरणार कधी? रात्री बारा वाजले की उरलेला डेटा बुडतो. विकत घेतलेल्या पायलीतले उरलेले धान्य दुकानदाराने रोज परत न्यावे, तसाच हा व्यवहार!

आणि फोन ही आता चैन राहिलेली नाही. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, ओटीपी मोबाईलवर. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली, तीही ओटीपीनेच. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळाच मोबाईलमध्ये भरली. चळवळीचे निरोप, मोर्चाची वेळ, निवेदनाचा मसुदा व्हॉट्सअपवरच फिरतो. ज्याचे रिचार्ज संपले तो या सगळ्याच्या बाहेर.

ट्राय अगदीच झोपलेली नाही. २०२२ मध्ये तिने ३० दिवसांचे किमान एक रिचार्ज ठेवायला कंपन्यांना भाग पाडले. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्यापुरते रिचार्ज द्या, मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल, असा नियम केला. गावी नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला एवढेच पुरते. पण असे रिचार्ज असते, हे त्या आजीला कोण सांगणार?

कंपनी बदलायचा मार्गही आहे. १९०० वर पोर्टचा एसएमएस कोणत्याही रिचार्जवरून गेलाच पाहिजे, असा ट्रायचा ७ डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. कमी पैशांच्या रिचार्जवर एसएमएसच बंद ठेवून गिऱ्हाईक अडकवले जात होते, म्हणून तो काढावा लागला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले, ही लोकांची नाराजीच होती. बीएसएनएलचे स्वदेशी फोर-जी मात्र वाजतगाजत सुरू झाले ते सप्टेंबर २०२५ मध्ये. सरकारी कंपनीला इतकी वर्षे मागे कोणी ठेवले आणि त्याचा लाभ कोणाला झाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तेव्हा यंदा टोळ्या निघण्याआधी कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत बसावे. कोणत्या कंपनीची रेंज डोंगराआडच्या वस्तीत मिळते, फडावर कोणती चालते, हे मजुरांनाच विचारून लिहून काढावे. फक्त बोलण्याच्या रिचार्जची किंमत दुकानदाराकडून सर्वांसमक्ष विचारून घ्यावी. आणि ट्रायकडे लेखी मागणी करावी: मुदत संपली तरी येणारे फोन बंद करू नका, उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी द्या. हंगाम संपून कोयते परत येतील तोवर उत्तर आले नाही, तर पुढचे निवेदन जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसून लिहू.