पत्रांची खतावणी

व्यापारी कुटुंबात वहीला पूजेचा मान आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून ‘श्री’ लिहिल्याखेरीज पेढीवर नव्या वर्षाचा पहिला आकडा पडत नाही. जुने रोजमेळ आणि खतावण्या कापडात बांधून माळ्यावर जपल्या जातात. पत्रांच्या वाट्याला मात्र हा मान येत नाही. व्यवहार पुरा झाला की पत्राचे काम संपले, अशीच आपली समजूत असते.

माझीही तीच समजूत होती. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावच्या समाजाने चाराछावणी चालवली. वडील त्या समितीचे चिटणीस होते. त्यांच्या निधनानंतर पेढीची आवराआवर मी केली. बँकेतील नोकरीमुळे ‘काय ठेवावे आणि काय काढावे’ याचा निर्णय माझ्याकडे आपसूक आला. छावणीच्या हिशेबाच्या वह्या मी ठेवल्या आणि पत्रांच्या दोन ट्रंका रद्दीवाल्याला दिल्या. देण्यापूर्वी सहज एक पोस्टकार्ड वाचले होते. कोणा वृद्ध शेतकऱ्याने लिहिले होते, की आमचे गाव छावणीच्या हद्दीत येत नाही, परंतु एकच बैल उरला आहे, त्याला ठेवून घ्या. समासात वडिलांच्या हाताने तीन शब्द होते : ‘उद्या गाडी पाठवावी.’ ते पोस्टकार्डही मी ट्रंकेत परत टाकले.

छावणीला पन्नास वर्षे झाली तेव्हा समाजाने स्मरणिका काढायचे ठरवले. कडब्याच्या पेंढ्या किती, पेंडीची पोती किती, देणगी कोणाची किती, हे सारे वह्यांतून पैशापर्यंत जुळले. मात्र मदत मागायला कोण आले, कोणाला हो म्हटले, कोणाला नाइलाजाने नाही म्हणावे लागले, यांपैकी एका प्रश्नाचेही उत्तर आमच्यापाशी नव्हते. खर्चाचा हिशेब शिल्लक होता. तो खर्च ज्या करुणेपोटी झाला, तिचा कागद मी किलोच्या भावाने विकला होता.

त्या खंतीच्या दिवसांत कन्येने संगणकावर एक सूची उघडून दाखवली. इंग्लंडचे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या पत्रव्यवहाराची ती सूची कॅनडातील हॅमिल्टन शहरी मॅकमास्टर विद्यापीठात तयार झाली आहे. तीत लाखाहून अधिक नोंदी आहेत. बँकेत आवक-जावक नोंदवह्या तपासण्यात माझी हयात गेली, तरीही अशी नोंदवही मी पाहिली नव्हती.

एका आयुष्याचे कागद

रसेल यांचा जन्म १८७२ चा आणि मृत्यू १९७० चा. गणित आणि तर्कशास्त्र यांतील कार्याने ते प्रथम नावारूपाला आले. १९५० साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या आयुष्याचा दुसरा धागा युद्धविरोधाचा होता. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीला विरोध केल्याबद्दल त्यांना दंड झाला, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील व्याख्यातेपद गेले आणि १९१८ साली एका लेखासाठी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात जावे लागले. १९३० नंतरच्या दशकात भारताच्या स्वातंत्र्यासाठी लंडनमध्ये झटणाऱ्या इंडिया लीगचे ते अध्यक्ष होते. अण्वस्त्रांविरुद्धच्या आंदोलनात १९६१ च्या सप्टेंबरात त्यांनी पुन्हा एक आठवडा तुरुंगात काढला, तेव्हा त्यांचे वय ८९ होते.

हे सारे कार्य प्रामुख्याने पत्रांतून चालले. राष्ट्रप्रमुख, शास्त्रज्ञ, तुरुंगातील कैदी, त्यांच्या पत्नी, शाळकरी मुले अशा सर्वांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. सामान्य लोकांशी झालेल्या पत्रव्यवहाराचा एक निवडक संग्रह १९६९ साली पुस्तकरूपाने निघाला.

कागद कॅनडात पोहोचण्यामागे एक व्यवहार आहे, आणि तो आपल्या वाचकांना चांगला कळेल. शांततेच्या मोहिमांना पैसा लागतो. व्हिएतनाममधील युद्धगुन्ह्यांच्या चौकशीसाठी रसेल यांनी पुढाकार घेऊन नेमलेल्या लोकन्यायाधिकरणाची अधिवेशने १९६७ साली स्वीडन आणि डेन्मार्क येथे भरली. अशा कामांसाठी रसेल यांनी आपला दप्तरखाना विकावयास काढला. विकण्यापूर्वी मालाची यादी हवी, म्हणून बॅरी फाइनबर्ग यांच्या संपादनाखाली त्या कागदांची तपशीलवार सूची तयार झाली आणि ती १९६७ मध्ये लंडनला छापली गेली. पुढच्याच वर्षी मॅकमास्टर विद्यापीठाने हा ठेवा विकत घेतला. सूचीच्या कामात असलेले केनेथ ब्लॅकवेल हे तरुण अभ्यासक कागदांबरोबर हॅमिल्टनला आले आणि या दप्तराचे पहिले अभिलेखपाल झाले. रसेल यांच्या निधनानंतर उरलेल्या कागदांचा दुसरा मोठा हिस्साही तेथेच आला.

एक पत्र, एक नोंद

सूचीचे तत्त्व खतावणीचेच आहे. खतावणीत प्रत्येक रक्कम योग्य खात्यावर जाते, येथे प्रत्येक पत्र योग्य नोंदीखाली येते. कोणी लिहिले, कोणाला लिहिले, केव्हा, कोठून, हाताने की टंकयंत्रावर, मूळ प्रत की कार्बनची स्थळप्रत, पाने किती, कोणत्या पेटीत आहे आणि विषय कोणता, अशी ही नोंद असते. जे पत्र विद्यापीठापाशी नाही आणि दुसऱ्या संग्रहालयात आहे, त्याचीही नोंद केली जाते. उदाहरणार्थ, लेडी ऑटोलिन मॉरेल यांना रसेल यांनी लिहिलेली दीड हजाराहून अधिक पत्रे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात आहेत. येणे बाकी असलेली रक्कम आपण ज्या दक्षतेने लिहून ठेवतो, तीच दक्षता येथे दिसते.

हे काम यांत्रिक वाटेल, पण प्रत्येक रकान्यात एक निर्णय दडलेला असतो. तीन उदाहरणे देतो.

पहिला रकाना तारखेचा. १९५५ साली अण्वस्त्रांच्या धोक्याविषयी जगातील थोर शास्त्रज्ञांचे निवेदन काढावे, म्हणून रसेल यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांना मसुदा पाठवला. आइन्स्टाइन यांनी ११ एप्रिलला संमतीचे पत्र लिहिले आणि १८ एप्रिलला त्यांचे निधन झाले. रसेल तेव्हा रोमहून पॅरिसला विमानाने चालले होते. ही वार्ता त्यांना विमानातच कळली आणि आता निवेदनाचे कसे होणार, या विचाराने ते खचले. पॅरिसच्या हॉटेलात पोहोचले तो आइन्स्टाइन यांचे संमतीपत्र तेथे येऊन पडलेले होते. ९ जुलै १९५५ रोजी लंडनमध्ये हे निवेदन प्रसिद्ध झाले. त्यातूनच १९५७ साली कॅनडातील पगवॉश या गावी शास्त्रज्ञांची पहिली परिषद भरली. पत्र लिहिल्याची तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख या दोहोंमधील एका आठवड्यात केवढे काही सामावले आहे! कोणतीही एकच तारीख टिपली असती, तर हा इतिहास अर्धा राहिला असता.

दुसरा रकाना लेखकाचा. बँकेत पत्राचा मसुदा कारकून करतो, सही अधिकारी करतो आणि जबाबदारी सही करणाऱ्याची असते. रसेल यांच्या अखेरच्या दशकात असेच झाले. त्यांच्या नावाने जाणारी कित्येक पत्रे आणि निवेदने सचिवांनी, विशेषतः राल्फ शोनमन यांनी, लिहिलेली असत. त्यांतील भाषा रसेल यांची की सचिवाची, हा वाद त्यांच्या हयातीतच सुरू झाला आणि डिसेंबर १९६९ मध्ये रसेल यांनी शोनमन यांच्यासंबंधी एक सविस्तर टिपण लिहून ठेवले. सूचीकाराने येथे काय करावे? तो निवाडा देत नाही. मसुदा कोणाच्या हातचा, दुरुस्ती कोणाची, सही कोणाची, हे दिसेल तसे लिहून ठेवतो. पुढचा अभ्यासक निवाडा करील, परंतु तो करता यावा एवढा पुरावा त्याला मिळालाच पाहिजे.

तिसरा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो म्हणजे प्रतिपक्षाचा. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबावरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या कड्यावर उभे होते. रसेल यांनी दोन्ही नेत्यांना तारा केल्या. ख्रुश्चेव्ह यांचे उत्तर २४ ऑक्टोबरला जाहीरपणे आले. केनेडी यांचे उत्तर तिखट होते : चोर पकडणाऱ्यांकडे बोट दाखवण्याऐवजी चोरांकडे लक्ष द्यावे, असा त्याचा आशय होता. त्याच दिवसांत भारत-चीन युद्ध पेटले. रसेल यांनी पंडित नेहरू आणि चौ एन-लाय या दोघांशीही पत्रव्यवहार केला आणि १९६३ साली त्या दोन्ही संकटांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील भारताविषयीचा सूर आपल्याला आजही मनापासून पटेल असे नाही. तथापि दिल्लीचे पत्र आणि पेकिंगचे पत्र, मॉस्कोची तार आणि वॉशिंग्टनचे उत्तर अशा दोन्ही बाजू दप्तरात राहिल्या. नावे आणि जमा दोन्ही बाजूंना लिहिल्याशिवाय खाते मिळत नाही. आपण अनेकांत म्हणतो, त्याचे व्यवहारातील रूप मला येथे दिसले.

मोठ्या नावांच्या पलीकडे

राष्ट्रप्रमुखांची पत्रे कोणीही जपतो. या सूचीचे खरे मोल सामान्य माणसासाठी केलेल्या पत्रव्यवहारात आहे. हाइन्झ ब्रांट हा कामगार चळवळीतील कार्यकर्ता पूर्व जर्मनीच्या तुरुंगात होता. त्याच्या सुटकेसाठी रसेल यांनी सतत पत्रे लिहिली. उपयोग होईना, तेव्हा जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी पूर्व जर्मन सरकारने दिलेले ओसिएत्स्की पदक परत केले. मे महिन्यात ब्रांट सुटले. एका कैद्याच्या मुक्ततेमागे किती विनंत्या, किती नकार आणि किती स्मरणपत्रे असतात, हे क्रमवार लावलेल्या कागदांखेरीज कळत नाही. एरवी ‘अमक्याच्या प्रयत्नाने तमका सुटला’ एवढे एक वाक्य उरते आणि प्रयत्न म्हणजे काय, ते कोणाला समजत नाही.

रसेल यांच्या या कार्याशी आपल्या समाजातून गेलेला एक धागाही जोडलेला आहे. राजस्थानातील श्रीडूंगरगढचे सतीश कुमार बालपणीच तेरापंथात दीक्षित झाले होते. अठराव्या वर्षी त्यांनी संघ सोडला आणि ते विनोबांच्या भूदान कार्यात आले. नव्वदीच्या उंबरठ्यावरचा एक तत्त्वज्ञ अण्वस्त्रविरोधासाठी तुरुंगात गेल्याची बातमी त्यांनी आणि ई. पी. मेनन यांनी बंगळूरच्या एका उपाहारगृहात वाचली. या वयात ते इतके करतात, मग आपण तरुण काय करतो आहोत, या विचाराने दोघे निघाले. जवळ पैसे ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका, असे विनोबांनी सांगितले. १९६२ साली राजघाटावरून सुरू झालेली ही पदयात्रा मॉस्को, पॅरिस, लंडनमार्गे वॉशिंग्टनपर्यंत गेली. वाटेत वेल्समध्ये ते रसेल यांना भेटले. अनवाणी विहार आणि अपरिग्रह यांत वाढलेला तरुण आणि देव न मानणारा ब्रिटिश विचारवंत एका प्रश्नावर समोरासमोर आले, तो प्रश्न अहिंसेचा होता.

आपल्या माळ्यावर

आपल्या समाजात पांजरपोळ, धर्मशाळा, वसतिगृहे, दवाखाने शतकभर चालत आले आहेत. त्यांचे ताळेबंद दरवर्षी तपासले जातात. कायद्यालाही तेवढेच पुरते. पण विद्यार्थ्याने प्रवेशासाठी लिहिलेला अर्ज, विधवा भगिनीने मागितलेली मदत, विश्वस्तांमधील मतभेदाचे पत्र, पावतीबरोबर आलेले देणगीदाराचे दोन शब्द, यांना कोठेच जागा नसते. पुढच्या पिढीला आपण रकमा दाखवू, परंतु त्या का दिल्या, ते कसे दाखवणार?

त्यासाठी विद्यापीठ लागत नाही. एक जाड वही घ्यावी आणि आठ रकाने आखावेत : अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, कोणाला, ठिकाण, विषय, समासातील शेरा, कोणत्या पेटीत. पत्रे ज्या क्रमाने सापडली तो क्रम मोडू नये. टाचण्या काढाव्यात, कारण त्यांचा गंज कागद खातो. अनुक्रमांक पेन्सिलीने घालावा. ज्या पत्रात दुसऱ्याच्या घरची खासगी गोष्ट आहे, त्याची नोंद करावी, पण मजकूर उघडा करू नये. घरातील वडीलधारी माणसे हयात असतानाच त्यांच्यासमोर बसून हे काम करावे. अक्षर कोणाचे, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार?

छावणीच्या जुन्या खतावणीच्या पानांत, खूण म्हणून घातलेली अकरा पत्रे मागच्या वर्षी मला सापडली. तेवढीच उरली आहेत. मी त्यांची सूची केली. त्या वृद्ध शेतकऱ्याचे पोस्टकार्ड त्यांत नाही. त्याचे नाव मला आठवत नाही, गावही आठवत नाही. तरी बारावी ओळ मी त्याच्यासाठी लिहिली आहे : तारीख अज्ञात, नाव अज्ञात, विषय एका बैलास आश्रय, शेरा ‘उद्या गाडी पाठवावी’, आणि पेटीच्या रकान्यात ‘माझ्या हातून गहाळ’. हिशेबात चूक झाली तर ती खोडून टाकायची नसते, लिहून ठेवायची असते, असे वडिलांनीच शिकवले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या दिवाळीत माळा आवराल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ट्रंक एकदा उघडून पाहा. निदान वरचे एक पत्र वाचा, आणि मग ठरवा.