चावी जास्त झाली म्हणून

आमच्या घरात चाळीस वर्षं एक वाक्य अधूनमधून ऐकू यायचं. "धाकट्याने चावी जास्त दिली, तेव्हापासून ते घड्याळ बंद पडलं ते पडलंच." धाकटा म्हणजे माझा काका. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. घड्याळ पणजोबांचं. खिशात ठेवायचं, पांढऱ्या मिन्याच्या तबकडीचं, सेकंदाचा छोटा काटा सहाच्या आकड्याशी वेगळ्या वर्तुळात फिरणारं. तबकडीवर इंग्रजी अक्षरांत वेस्ट एंड वॉच कंपनी आणि खाली बॉम्बे, कलकत्ता. स्वित्झर्लंडमध्ये बनलेली घड्याळं ही कंपनी आपल्या नावाने इथे विकायची आणि तिचा इतिहास १८८६पासूनचा आहे. पणजोबांच्या काळात मुंबईत दोन वेळा चालत. रेल्वेची भारतीय प्रमाणवेळ, आणि तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली खास मुंबईची वेळ. महापालिकेने ती मुंबई वेळ पुढे अनेक वर्षं सांभाळली. पणजोबांनी हे घड्याळ यांतल्या कुठल्या वेळेवर लावलं असेल, हे विचारायला आता घरात कुणी नाही.

गेल्या वर्षी ते घड्याळ मी गिरगावातल्या एका घड्याळजींकडे नेलं. जिन्याखालची जागा, समोर काच, काचेआड टेबल, टेबलावर पांढरा कागद आणि डोळ्याला भिंग. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, चावीचं बोंड बोटाने अगदी हलकं चाचपलं आणि म्हणाले, "चावी पूर्ण भरलेली आहे. कुणी जास्त दिली वगैरे काही नाही. चावी जास्त होतच नाही हो. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली की ती थांबते, एवढंच. जोर करून तोडली तर गोष्ट वेगळी. ही तुटलेली नाही."

मग बंद का पडलं? त्यांनी मागचं झाकण उघडून भिंग माझ्या हाती दिलं. चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या प्रत्येक माणकाभोवती तपकिरी कडं साचलं होतं, वाळलेल्या डिंकासारखं. ते तेल होतं. त्या काळी घड्याळात समुद्री प्राण्यांच्या जबड्यातून काढलेलं तेल सर्रास वापरलं जाई. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते घट्ट होतं. स्प्रिंग पूर्ण ताणलेली असूनही चाकांना त्या चिकट्यातून हलता येईना. ज्या दिवशी ते पुरतं थांबलं, त्या दिवशी चावी देणारा हात नेमका काकाचा होता. दोष त्याच्या माथी बसला आणि चाळीस वर्षं राहिला.

काम सुरू होतं ते चावी उतरवण्यापासून. ताणलेली स्प्रिंग तशीच ठेवून चाकं धरून ठेवणारा एखादा पूल सोडवला, तर सगळी शक्ती एका क्षणात सुटते आणि दात मोडतात. घड्याळजींनी चावीचं बोंड बोटांत घट्ट धरलं, टाचणीसारख्या टोकाने खटका बाजूला केला आणि बोंड बोटांतून सावकाश फिरू दिलं. चाळीस वर्षं अडकलेली ती चावी पाऊण मिनिटात उतरली. मग बॅलन्स म्हणजे झुलणारं चाक, मग पॅलेट, मग एकामागून एक चाकं. प्रत्येक स्क्रू कागदावर आपापल्या जागी ठेवलेला, कारण दिसायला सारखे असले तरी त्यांची लांबी वेगळी असते. एका स्क्रूचं डोकं चेपलेलं होतं. पूर्वी कुणीतरी चुकीच्या मापाचा पेचकस घालून जोर केला होता. घड्याळजींनी त्याबद्दल कुणाला शिवी दिली नाही. डोकं घासून सरळ केलं आणि पुढे गेले.

यंत्र कसं चालतं हे समजल्याशिवाय या कामाची नजाकत कळत नाही. स्प्रिंगचा डबा अगदी संथ फिरतो. मधलं चाक तासाला एक फेरी घेतं, सेकंदाचं चाक मिनिटाला एक. शेवटच्या एस्केप चाकाला १५ दात. पॅलेटची दोन माणकं त्याला अडवतात आणि सोडतात, अडवतात आणि सोडतात, सेकंदाला ५ वेळा. म्हणजे तासाला १८,००० ठोके, दिवसाला ४,३२,०००. या ठोक्यांचा ताल बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगवर ठरतो. ही स्प्रिंग क्रिस्तियान हॉयगन्स यांनी १६७५मध्ये जगापुढे आणली. तापमानाने पोलादी स्प्रिंगचा लवचीकपणा बदलतो आणि घड्याळ मागेपुढे होतं. या अडचणीवर निकेलच्या मिश्रधातूंचा मार्ग दाखवणारे शार्ल एद्वार गीयोम १९२०मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. आमच्या घड्याळातली स्प्रिंग जुनी, निळ्या पोलादाची. तिला गंज लागला असता तर सगळंच अवघड झालं असतं. नशिबाने ती निळीच होती.

सुटे भाग पेट्रोलमध्ये धुतले, ब्रशने घासले. प्रत्येक माणकाचं भोक लाकडाच्या टोकदार काडीने साफ केलं. काडी काळी झाली की टोक पुन्हा तासायचं, आणि ती पांढरी निघेपर्यंत हेच करत राहायचं. एका भोकासाठी त्यांनी सात वेळा टोक तासलेलं मी मोजलं. तिसऱ्या चाकाच्या आसाच्या टोकाला खाच पडली होती. तेलात धूळ बसली की तिची कानस होते, आणि कठीण पोलादही तिच्यापुढे झिजतं. हे टोक जाडीला मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढं. घड्याळजींनी टेबलाच्या खणातून हाताएवढं जुनं लेथ काढलं आणि धनुकली काढली. घोड्याच्या केसाची दोरी चाकाभोवती गुंडाळून धनुकली मागेपुढे ओढायची आणि दुसऱ्या हाताने टोकावर गुळगुळीत पोलादी पट्टी दाबायची. विजेची मोटर त्यांच्याकडे आहे. पण या टोकाला हातच लागतो, कारण हाताला प्रतिकार जाणवतो आणि तो वेळेवर थांबतो.

मुख्य स्प्रिंग बदलावी लागली. डब्यातून काढलेली चांगली स्प्रिंग मोकळी होऊन ऐसपैस उलगडते. ही मात्र गुंडाळलेलीच राहिली. तिच्यात दम उरला नव्हता. रुंदी, जाडी, लांबी मोजून दुसरी बसवली. जुनी त्यांनी कागदात बांधून मला परत दिली. "तुमची वस्तू आहे, तुमच्याकडे राहू दे."

तबकडीला तीनच्या आकड्याजवळ केसासारखा तडा होता. मी विचारलं, हा घालवता येईल का? नवी तबकडी रंगवून मिळेल का? तेवढ्यापुरते ते रागावले. "मिळेल. बाजारात हवी तेवढी मिळते. मी करणार नाही."

त्या रागामागचं कारण मला ठाऊक होतं. जुन्या घड्याळांचे जगभरचे संग्राहक एका प्रकाराला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. तीन-चार मेलेल्या घड्याळांचे भाग एका कवचात कोंबायचे, तबकडी भडक रंगवायची, त्यावर जुन्या कंपनीचं नाव छापायचं आणि परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचं. वेस्ट एंड, फाव्हर-ल्यूबा, एचएमटी, सगळ्यांच्या वाट्याला हे आलं आहे. ज्या शहरात फाव्हर-ल्यूबासारखी स्विस पेढी १८६५पासून रुजली, ज्या शहरात असे हात अजून काम करतात, त्याचं नाव फसव्या मालासाठी रूढ व्हावं, हे मला मनापासून लागतं. जुनं घड्याळ चालतं करावं, नवं करू नये. तडा ही त्या घड्याळाच्या आयुष्यातली घडलेली गोष्ट आहे, तिच्यावर रंग चढवणं म्हणजे खोटं बोलणं आहे.

किती चालतं करावं, हाही प्रश्न आहेच. इंग्लंडच्या नौदलातले रूपर्ट गूल्ड यांनी १९२०मध्ये जॉन हॅरिसन यांनी बनवलेली जहाजावरची घड्याळं ग्रिनिचच्या वेधशाळेत गंजलेल्या अवस्थेत पाहिली आणि ती दुरुस्त करायला घेतली. पहिलं घड्याळ पुन्हा नीट चालू लागलं तेव्हा १९३३ साल उजाडलं होतं. पुढे ग्रिनिचच्या संग्रहालयाने त्यातली पहिली तीन चालती ठेवली, पण चौथं, सगळ्यांत गाजलेलं, मुद्दाम थांबवून ठेवलं. त्याला तेल लागतं, आणि चालेल तेवढं ते झिजेल. आमचं घड्याळ काही हॅरिसनचं नाही. तरी घड्याळजींनी बजावलं, "रोज चालवू नका. आठवड्यातून एक दिवस पुरे."

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा सापडल्या. जुने कारागीर दुरुस्तीची तारीख आणि आद्याक्षरं अशी कोरून ठेवत. चार खुणा होत्या. शेवटची १९६१ची. घड्याळजींनी आपली खूण कोरली नाही, वहीत नोंद केली. धातूवर आणखी ओरखडा नको, असं त्यांचं म्हणणं.

तीन आठवड्यांनी घड्याळ ठोके मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं. यंत्र टिकटिक ऐकतं आणि रेघ काढतं. रेघ जवळजवळ सरळ आली. बॅलन्स २५० अंशांपर्यंत झुलत होतं. दिवसाला सव्वा मिनिट मागे. शंभरीच्या घड्याळाला हे उत्तम आहे.

घरी आणून ते काकाच्या हातात दिलं आणि घड्याळजी काय म्हणाले ते सगळ्यांसमोर सांगितलं. त्याने चावी दिली, सावकाश, पूर्ण भरेपर्यंत.

तुमच्या कपाटात असं एखादं बंद घड्याळ असेल, तर कृपा करून हलवून किंवा चावी देऊन ते चालतं का हे बघू नका. वाळलेल्या तेलात चाकं फिरली की टोकं झिजतात. हातघड्याळाचे काटे आणि आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील, तर काच घरी मुळीच उघडू नका. १९६०च्या आधीच्या अशा रंगात बहुधा रेडियम असतं. चमक विझली तरी ते विझत नाही, त्याचं अर्धआयुष्य १,६०० वर्षांचं आहे. घड्याळ पॉलिश न करता, पुसूनसुद्धा न घेता, आहे तसं जाणत्या घड्याळजींकडे न्या. तबकडी रंगवू नका असं आधीच सांगा आणि बदललेला प्रत्येक भाग मागून घ्या.

आणि घरात कुणाला त्या घड्याळावरून कधी बोल लावला गेला असेल, तर तेही एकदा विचारून घ्या.