इंजिनाची नाडी पाहणारी माणसे

जानेवारी २०१६ मध्ये आपल्या बेटावर, साखीरच्या विमानतळावर, आंतरराष्ट्रीय विमान प्रदर्शन भरले होते. भारताच्या ‘तेजस’ या लढाऊ विमानाने परदेशच्या आकाशात जाहीर कसरती करून दाखवण्याची ती पहिलीच वेळ. वैमानिकांचे कौतुक झाले, फोटो छापून आले आणि ते योग्यच झाले. पण विमान धावपट्टीवरून परतल्यावर त्याच्या पोटाखाली शिरणारी, इंजिनाच्या तोंडात बॅटरी मारून पाहणारी, तेलकट हातांनी वहीत नोंद करणारी माणसे कोणाच्या लक्षात राहिली? आज या स्तंभात त्यांच्याविषयी, आणि विशेषतः त्यांच्या मुकादमाविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत. मुकादम हा शब्द जुना आहे. वायुसेनेत त्याला सार्जंट, वॉरंट ऑफिसर किंवा इंजिनिअरिंग ऑफिसर म्हणतील. काम मात्र तेच : दहा जणांकडून काम करून घ्यायचे आणि अकराव्याच्या जिवाची हमी द्यायची.

एकच इंजिन

आपली मोटार बंद पडली तर ती बुदैयाच्या हमरस्त्याच्या कडेला लावता येते आणि गॅरेजवाल्याला फोन करता येतो. आकाशात कडेला लावायची सोय नाही. तेजसला एकच इंजिन आहे. भारताच्या ताफ्यात १९६३ साली आलेल्या आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निरोप घेतलेल्या मिग-२१ लाही एकच होते. बहारीनने १९९० पासून वापरलेल्या एफ-१६ लाही एकच आहे. या विमानाची नवी आवृत्ती २०२४ मध्ये बेटावर दाखल झाली, तिचेही तसेच. अशा विमानाचे इंजिन थांबले तर वैमानिकापुढे दोनच मार्ग राहतात. साधले तर घरंगळत धावपट्टी गाठायची, नाहीतर आसनासकट बाहेर उडी घ्यायची.

म्हणून या कामात ‘बहुतेक बरोबर आहे’ या शब्दांना जागा नाही. एक जण काम करतो, दुसरा ते तपासतो आणि दोघेही सही करतात. स्वतःचे काम स्वतःच तपासले असे चालत नाही. नटबोल्ट किती जोराने आवळायचा हे हाताच्या अंदाजावर सोडलेले नसते; त्यासाठी मोजून आवळणारा पाना असतो. आवळलेला बोल्ट थरथरीने सुटू नये म्हणून त्याला बारीक तारेने बांधतात. ती तारही अशा दिशेने पिळायची की बोल्ट सैल होऊ लागला तर तिने त्याला मागे खेचावे. पथकप्रमुखाची नजर आधी या तारेवर जाते. तार नीट बांधणारा माणूस बाकीचे कामही नीट करतो, असा त्यामागचा हिशेब असतो.

खारा वारा आणि शमाल

आपल्या बुदैयात समुद्राकडे तोंड असलेल्या खिडक्यांचे गज किती लवकर गंजतात हे घरोघरी ठाऊक आहे. उन्हाळ्यात शमाल सुटला की बंद कपाटातल्या भांड्यांवरही धुळीचा थर बसतो. आता विचार करा, जेट इंजिन तर दर सेकंदाला कितीतरी किलो हवा पोटात ओढते. त्या हवेबरोबर मीठही येते आणि धूळही.

हवा दाबणाऱ्या पुढच्या पात्यांना धूळ कानसीसारखी घासते. बारीक धूळ त्याच्या पुढे गेली की इंजिनाच्या गरम भागात वितळते आणि पात्यांवर काचेसारखा थर धरते. ही गरम भागातली पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात. सुखोई-३० च्या इंजिनात त्यांच्यावर येणारा वायू सुमारे १,४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. इतक्या उष्णतेत धातू टिकतो तो पात्यांच्या आतून थंड हवा खेळवलेली असते म्हणून. त्या हवेची सुईएवढी भोके काचेच्या थराने बुजली की पाते भाजू लागते. यासाठी समुद्राकाठच्या विमानतळांवर इंजिने गोड्या पाण्याने वरचेवर धुतात. इंजिन न उघडता आतली पाती पाहण्यासाठी बोरोस्कोप नावाची बारीक दुर्बीण घालतात, जशी डॉक्टर मंडळी पोटात नळी घालून पाहतात. कुठे तडा, कुठे टवका हे त्यात दिसते. टवका किती मोठा असला तर चालेल याचे माप पुस्तकात दिलेले असते. त्या मापाच्या पलीकडे एक केसभर गेले तरी इंजिन उतरवायचे.

तेल बोलते

या धंद्यातला सर्वांत शहाणा साक्षीदार म्हणजे इंजिनातले तेल. ठरावीक तासांच्या उड्डाणांनंतर त्याचा नमुना काढून प्रयोगशाळेत जाळतात आणि त्या प्रकाशावरून त्यात लोखंड किती, तांबे किती, चांदी किती हे मोजतात. एका नमुन्याचा आकडा फारसे सांगत नाही. मागच्या दहा नमुन्यांशेजारी तो मांडला की कुठला भाग झिजतो आहे हे कळते. रक्त तपासणीचे जुने कागद जपून ठेवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

याचे मोठे उदाहरण आपल्याच एका माणसाच्या कारकिर्दीतले आहे. सुखोई-३० ला दोन इंजिने असतात, म्हणून त्यांतले एक हवेत बंद पडले तरी विमान परत येते. पण अशा घटना वाढू लागल्या तेव्हा चिंता उत्पन्न झाली. मार्च २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी त्याची कारणे देशापुढे ठेवली. तपासलेल्या ६९ प्रकरणांपैकी ३३ मध्ये दोष बेअरिंगचा निघाला. बेअरिंगचा धातू थकून त्याचे कण तेलात मिसळत होते. उपायही त्यांनी सांगितले : अधिक चांगले तेल वापरायचे, आणि तेलाचा नमुना ५० तासांऐवजी २५ तासांनी घ्यायचा. म्हापशात जन्मलेले पर्रीकर १९७८ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तून धातुशास्त्राचे इंजिनिअर झाले होते. धातू थकतो म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगावे लागले नसेल.

पण ५० चे २५ झाले, याचा अर्थ पथकप्रमुखाच्या दृष्टीने काय? तेवढ्याच माणसांत नमुने घेण्याचे काम दुप्पट झाले. दिल्लीतला निर्णय एका ओळीचा असतो. तो पाळण्यासाठी कोणाची सुटी पुढे ढकलायची, कोणाला रात्रपाळी द्यायची, हे हँगरमधल्या मुकादमालाच ठरवावे लागते.

ओझर, कोरापुट, नागपूर

मराठी मुलखाचा या कामाशी जुना संबंध आहे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना साठच्या दशकात मिग-२१ साठी उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला आणि इंजिन ओरिसातल्या कोरापुटला, अशी वाटणी ठरली. पुढे सुखोई-३० लाही तीच चालू राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण खात्याने सुखोईसाठी २४० इंजिनांचा करार केला, तोही कोरापुटच्या कारखान्याशीच. ओझरलाच वायुसेनेचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो आहे. भारतात संपूर्ण उलगडून पुन्हा जोडलेले पहिले सुखोई-३० तेथून एप्रिल २०१८ मध्ये स्क्वाड्रनच्या हवाली झाले. आणि या साऱ्या डेपोंचा कारभार पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आपल्या नागपूरला आहे.

ही कमांड पूर्वी कानपूरला होती. तेथे तिचे नेतृत्व करणाऱ्यांत एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांचे नाव आदराने घेतले जाते. लाहोरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला हा तरुण वायुसेनेच्या आरंभीच्या काळात ‘हवाई सिपाही’ म्हणून, म्हणजे अगदी तळाच्या पायरीवर, भरती झाला होता. पाना हातात धरून सुरुवात केलेला माणूस पुढे कमांडचा प्रमुख झाला. त्यांच्याच देखरेखीखाली कानपूरला जोडलेले पहिले अ‍ॅव्रो विमान नोव्हेंबर १९६१ मध्ये उडाले.

हरवलेला पाना

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हँगरमध्ये हत्यारांची एक फळी असते. प्रत्येक पान्याची, पक्कडीची, पेचकसाची आकृती तिच्यावर रंगवलेली असते. काम संपल्यावर एक जरी आकृती रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचे हलत नाही. कारण विसरलेला पाना इंजिनात ओढला गेला तर क्षणात पात्यांचे तुकडे होतात.

समजा, संध्याकाळी सातला एका नवशिक्याच्या लक्षात येते की आपला पेचकस जागेवर नाही. पहाटे पाचला विमान उडायचे आहे. तो बोलला तर सारे पथक रात्रभर जागणार, उड्डाण रद्द होणार, वरून विचारणा होणार. तो गप्प बसला तर कदाचित काहीच होणार नाही; आणि कदाचित वैमानिक परत येणार नाही. तो पोरगा बोलेल की नाही, हे नियमांच्या पुस्तकावर ठरत नाही. मागच्या खेपेला कोणी असे कबूल केले तेव्हा पथकप्रमुख त्याच्याशी कसा वागला, यावर ते ठरते. त्या वेळी चारचौघांत पाणउतारा झाला असेल तर या वेळी तोंडे शिवलेली राहतील. ‘बरे केलेस सांगितलेस, चला शोधू या,’ असे तो म्हणाला असेल तर दिवे पेटतील आणि दहा जण जमिनीवर गुडघे टेकून शोधू लागतील.

लाडावून ठेवणे याला म्हणत नाहीत. ज्याने हलगर्जीपणा केला आणि लपवला, त्याला माफी नाही. ज्याने चूक केली आणि सांगितली, त्याच्यापासून पथकाला धोका नाही. हा फरक ओळखणे म्हणजेच पुढारीपण. आणि वरिष्ठाने ‘अहो, सोडा की विमान, वेळ झाली,’ म्हटल्यावर ‘साहेब, माझी सही होणार नाही,’ असे शांतपणे सांगणे, हे त्याचे दुसरे अंग.

आपल्या घरांतली मुले आज संगणकाकडे वळतात, त्यात वावगे काही नाही. पण एखाद्याचा ओढा यंत्राकडे असेल, घरातला पंखा उघडून पुन्हा जोडण्यात त्याचे मन रमत असेल, तर त्याला हसू नका. जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरला आणि तो त्याने आपणहून आणून दाखवला, तर त्याची पाठ अवश्य थोपटा.