टपालाने येणाऱ्या एकदिवसीय कोंबडीच्या पिलांतील आकस्मिक मरतुक : कारणमीमांसा व निदानाचा क्रम

प्रस्तावना :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोंबडीची एकदिवसीय पिले टपालाने पाठविण्याची पद्धत १९१८ पासून रूढ आहे. उबवणी केंद्रातून निघालेली पुठ्ठ्याची सच्छिद्र पेटी शेकडो मैलांचा प्रवास करून ग्राहकाच्या गावच्या टपाल कार्यालयात पोहोचते. पिले जन्मानंतर ७२ तासांच्या आत ग्राहकाच्या हाती पडली पाहिजेत, असा तेथील टपाल खात्याचा नियम आहे. बहुतेक पेट्या सुखरूप पोहोचतात. तथापि काही वेळा पिले येताच किंवा पुढील आठ-दहा दिवसांत एकामागून एक दगावतात. ऑगस्ट २०२० मध्ये मेन राज्यातील शेतकऱ्यांना टपालाने आलेली हजारो पिले मृतावस्थेत मिळाली. २०२५ च्या वसंत ऋतूत डेलावेअर राज्यात टपालाच्या मालमोटारीत सुमारे तीन दिवस अन्नपाण्याविना अडकलेल्या पिलांपैकी हजारो दगावली; दोन हजारांहून अधिक वाचलेली पिले एका प्राणी आश्रयगृहाकडे सोपवावी लागली.

अशा प्रसंगी पाळणारा गोंधळून जातो व हाती येईल ते औषध पाण्यात मिसळतो. परंतु भुकेने वा थंडीने मरणाऱ्या पिलास प्रतिजैविकाचा काहीच उपयोग नसतो. औषधाची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेत उरलेली पिलेही हातची जातात. म्हणून मरतुकीच्या कारणाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पिलाची शिदोरी :

नवजात पिलू तीन दिवस अन्नपाण्याविना जगू शकते, या एका जैविक वस्तुस्थितीवर ही सारी टपाल व्यवस्था उभी आहे. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिलू उरलेला पिवळा बलक नाभीवाटे पोटात ओढून घेते. या बलकात ऊर्जा, पाणी व आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात. निसर्गतः ही शिदोरी वेगळ्या कारणासाठी असते. खुडूक कोंबडीखालची सर्व अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. शेवटचे पिलू बाहेर येईपर्यंत आधीच्या पिलांना घरट्यात थांबता यावे, म्हणून ही तरतूद आहे. मनुष्याने तिचा उपयोग वाहतुकीसाठी करून घेतला.

ही शिदोरी मर्यादित असते. शिवाय पहिल्या काही दिवसांत पिलास स्वतःचे शरीर उबदार ठेवता येत नाही. ते क्षमता सुमारे दोन आठवड्यांत प्राप्त करते. पेटीत पिले एकमेकांना ऊब देतात, म्हणूनच अनेक उबवणी केंद्रे पंचवीसपेक्षा कमी पिले पाठवीत नसत. उशीर, थंडी, ऊन व तहान यांपैकी काहीही वाढले की शिदोरी वेळेआधी संपते.

मृत्यूचा दिवस : पहिला पुरावा

कारणाचा शोध घेताना पिलू कोणत्या दिवशी दगावले, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. येथे एक चूक वारंवार घडते. पाळणारा दिवस मोजतो ते पेटी उघडल्यापासून. पिलाचा काळ मात्र जन्मापासून चालू असतो. दोन दिवस प्रवास केलेले पिलू घरी आल्यावर ‘दुसऱ्या दिवशी’ मेले, तर ते वस्तुतः आयुष्याच्या चौथ्या दिवशी मेलेले असते. म्हणून पेटीवरील उबवणीची वेळ टिपून ठेवणे अगत्याचे आहे. दिवसाच्या या मोजणीवरून कारणांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येते.

अ) पोहोचताना अथवा पहिल्या चोवीस तासांत : प्रवासातील थंडी, उष्णता, गुदमरणे व निर्जलीकरण ही प्रमुख कारणे होत. अशी पिले निस्तेज, डोळे मिटलेली असतात व त्यांच्या पायांची कातडी सुरकुतलेली दिसते.

आ) तिसरा ते पाचवा दिवस : बलक संपला, पण पिलू खाणेपिणे शिकले नाही, तर ते उपासमारीने मरते. गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी असणे हा याचा ठळक पुरावा होय. समोर खाद्य भरलेले असूनही असे घडते, कारण चोच मारण्यास शिकवणारी आई येथे नसते.

इ) पहिला आठवडा : नाभीचा व बलकाचा जंतुसंसर्ग. पोट फुगलेले व मऊ, नाभी ओलसर व लाल आणि दुर्गंधी ही लक्षणे असतात. एश्चेरिकिया कोलाय व इतर जीवाणू नीट न मिटलेल्या नाभीतून आत शिरतात. याचे मूळ बहुधा उबवणी यंत्राच्या वा अंड्यांच्या अस्वच्छतेत असते. बाधित पिले क्वचितच वाचतात.

ई) पहिला ते तिसरा आठवडा : धाप लागणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, पण श्वासात घरघर नसणे, हे बुरशीजन्य फुप्फुसदाहाचे लक्षण आहे. बुरसलेली गादी हे त्याचे नेहमीचे कारण. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या हगवणीसह मरतुक वाढल्यास पुलोरम रोगाचा विचार करावा लागतो. हा रोग कोंबडीकडून अंड्यावाटे पिलात येतो. त्याच्या निर्मूलनासाठीच अमेरिकेत १९३५ मध्ये राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना सुरू झाली.

उ) तिसऱ्या आठवड्यानंतर : रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सिडिओसिस. या परजीवीला आतड्यात वाढण्यास अनेक दिवस लागतात. त्यामुळे चौथ्या दिवशी मेलेल्या पिलाबाबत या रोगाचे औषध देणे तर्काला धरून नाही.

कृत्रिम दायीची तपासणी :

रोगाचा विचार करण्यापूर्वी कृत्रिम दायीची, म्हणजे ब्रूडरची, तपासणी करणे इष्ट ठरते. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे. पुढे दर आठवड्यास ते सुमारे ३ अंशांनी कमी करावे. तापमापकाइतकाच विश्वसनीय पुरावा पिलांच्या वर्तनातून मिळतो. पिले दिव्याखाली दाटीने चिवचिवत असतील तर थंडी आहे. दिव्यापासून दूर पंख पसरून धापा टाकत असतील तर उष्णता आहे. सर्वत्र विखुरलेली व शांत असतील तर तापमान योग्य आहे. दाटीत खालची पिले गुदमरून मरतात व सकाळी कोपऱ्यात मृत पिलांचा ढीग आढळतो.

रात्रीतून सारीच पिले अचानक दगावली तर विषारी वायूची शंका घ्यावी. अन्न न चिकटणाऱ्या तव्यांवर असते तसे लेपन काही उष्णतादीपांवर असते. तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना मारक ठरतो.

गुदद्वाराशी विष्ठा चिकटून मार्ग बंद होणे ही प्रवासातून आलेल्या पिलांतील नेहमीची तक्रार होय. कोमट पाण्याने भिजवून विष्ठा हलकेच काढावी. ओढून काढू नये. नाभी ही वेगळी जागा आहे, तिला हात लावू नये.

प्रथमोपचार व प्रयोगशाळा :

पेटी उघडताच प्रत्येक पिलाची चोच कोमट पाण्यात बुडवावी व त्यानंतर खाद्य द्यावे. संध्याकाळी अन्नपिशवी चाचपून पाहावी. ती भरलेली लागली नाही, ती पिले वेगळी काढावीत. पहिल्या आठवड्यात एक-दोन पिले दगावणे असामान्य नाही. मरतुक दररोज वाढत असेल तर मात्र ताजे मृत पिलू थंड करून, न गोठवता, राज्याच्या पशुरोग निदान प्रयोगशाळेकडे पाठवावे. जून २०२३ पासून अमेरिकेत मानवी वैद्यकातही महत्त्वाची असलेली प्रतिजैविके जनावरांसाठी पशुवैद्यकाच्या लेखी सूचनेविना मिळत नाहीत. त्यामुळे निदानाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

प्रश्न केवळ पिलांचा नाही. परसातील कोंबड्यांमुळे होणाऱ्या साल्मोनेला संसर्गाचे अमेरिकेत २०२० साली १,७०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. निरोगी दिसणारे पिलूही या जंतूचे वाहक असू शकते. पिले हाताळल्यावर साबणाने हात धुणे व लहान मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

महाराष्ट्रात पिले टपालाने नव्हे, तर वाहनाने येतात. परंतु पेटी तीच, शिदोरी तीच आणि प्रवासाचा ताणही तोच. परसातील कुक्कुटपालनासाठी पिले घेणाऱ्या कुटुंबात मरतुक झाली की ‘मानमोडी आली’ असे सरसकट म्हटले जाते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा भीषण रोग आहेच. तथापि पहिल्या पाच दिवसांतील मरतुकीमागे ऊब, पाणी व उपासमार यांची शक्यता अधिक असते. दुसरीकडे, फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला होता, हे विसरता येत नाही. म्हणून मोठ्या प्रमाणावरील आकस्मिक मरतुकीची माहिती पशुसंवर्धन विभागास देणे हेच योग्य होय.

निष्कर्ष :

१. पिलाचे वय जन्मापासून मोजल्यास संभाव्य कारणांची यादी लगेच लहान होते.
२. ऊब, पाणी, खाद्य व हवा यांची तपासणी औषधाच्या आधी करावी.
३. अन्नपिशवी, नाभी, गुदद्वार व श्वास या चार ठिकाणचे निरीक्षण कोणीही करू शकतो. त्यापुढील निदान प्रयोगशाळेचे काम आहे.
४. पिलाच्या शिदोरीची मर्यादा सुमारे तीन दिवसांची आहे. वाहतुकीची कोणतीही व्यवस्था ही मर्यादा वाढवू शकत नाही. ती फक्त पाळू शकते अथवा ओलांडू शकते. ती ओलांडल्याची किंमत पिलू आणि त्यावर विसंबलेला पाळणारा, दोघेही मोजतात.