गुडघ्यातला उंदीर आणि कुंभाराचं गाढव

नांदेड काय नि लातूर काय, सत्तरीतली चार माणसं एकत्र बसली की गुडघ्याचा विषय निघतोच. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण 'कारण' म्हणजे काय, हे आम्हाला गुडघ्यानं शिकवलं.

नांदेडहून लातूरला गेलो, एस.टी.तून उतरताना गुडघा मध्येच अडकला. वाकेना, सरळही होईना. जरा हलवला, 'कट्' झालं आणि मोकळा झाला. एक्स-रेमध्ये एक सुटा तुकडा दिसला.

हा तुकडा म्हणजे हाडाची किंवा कूर्चेची निखळलेली कपची. सांध्यातल्या द्रवात ती इकडून तिकडे पळते, म्हणून तिला 'सांध्यातला उंदीर' म्हणतात. कूर्चेचं पोषण त्या द्रवातूनच होतं, त्यामुळे सुटलेली कपचीही वाढू शकते. ती नुसती कूर्चेची असेल तर एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो.

सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आम्ब्रोझ पारेनं गुडघा कापून असा तुकडा काढला होता. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागींनी मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिलं; त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रियाही केली. आज सहसा कमरेत भूल देतात, वाटीखाली दोन बाजूंना लहानशी छिद्रं पाडतात, सलाइननं सांधा फुगवतात. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून चिमटा.

पण तुकडा दिसला म्हणजे काढायचाच का? न्यायशास्त्रात 'अन्यथासिद्ध' अशी एक कल्पना आहे. माती वाहणारं गाढव घड्याच्या आधी हजर असतं, तरी ते घड्याचं कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरूनही आली असती. झिजलेल्या गुडघ्यात तुकडाही असतो, दुखणंही असतं. दुखणं झिजेचं असेल, तर तुकडा हे नुसतं गाढव.

२००२ साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी झिजेच्या १८० रुग्णांवर प्रयोग प्रसिद्ध केला. काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला, काहींचा खरवडून साफ केला, काहींना फक्त वरवर छेद दिले. दोन वर्षांनी पाहिलं, तर दुखण्यात फरक नाही!

मात्र गुडघा तुकड्यामुळेच अडकत असेल, तर तिथं तुकडा खरं कारण ठरतो. आम्ही तो काढून घेतला. अडकणं गेलं; जिना चढतानाची कळ आजही आहे. ती तुकड्याची नव्हतीच.

म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: "गुडघा अडकतो म्हणून काढताय, की फोटोत दिसतो म्हणून?"