इंजिन नवं, रेडिएटर जुनाच

नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या 2009 च्या बोलेरो पिकअपचं इंजिन जाम झालं. त्याने दुसरं आणून बसवलं. दीड महिना झाला नसेल, परतीच्या फेरीत गाडी रिकामी असूनही माळशेज चढताना काटा लाल पट्ट्यात गेला आणि हेड गॅसकेट उडालं. मेस्त्रीने रेडिएटर उघडला. आतल्या नळ्यांत पांढरा थर बसला होता, पाणी तापवायच्या बंबाच्या तळाशी बसतो तसा. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेलं. पहिलं इंजिनही त्या पाण्यानेच खाल्लं होतं.

इंजिन बदललं की दुखणं गेलं, हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. इंजिन सहसा आपल्या मरणाने मरत नाही, त्याला बाहेरचं काहीतरी मारतं. नोझल गळकं असेल तर पिस्टनचा माथा जळतो. एअर फिल्टरपुढचा पाइप फाटलेला असेल तर शेतातली धूळ थेट रिंगांवर जाते. टर्बो तेल टाकत असेल तर ते इंटरकूलरमध्ये साठतं, आणि तो धुतला नाही तर नवं इंजिन तेच तेल ओढतं. म्हणून जुनं इंजिन भंगारात घालण्याआधी उघडून बघा. कशाने गेलं ते कळल्याशिवाय नव्याचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड चालते, हा सल्ला ऐकू नका. इंजिन गरजेपुरतं तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. तुंबलेला रेडिएटर मात्र तुंबलेलाच राहतो.

‘धूर टाकतेय, म्हणजे इंजिन गेलं’ हेही घाईचं निदान. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. अनेकदा फिल्टर आणि नोझलवर भागतं. निळा धूर जळत्या तेलाचा, पण ते तेल टर्बोतून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधूनही येऊ शकतं. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर आधी हेड गॅसकेट तपासायचं. चालू इंजिनच्या ऑइल कॅपमधून जोराचा धूर येतो, ज्याला मेस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तेव्हा मात्र रिंगांवर संशय घ्यावा. तरीही चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजून घ्या. कित्येकदा हाफ इंजिनवर, म्हणजे हेड सोडून खालच्या भागावर, किंवा बोअर-पिस्टनच्या कामावर निभावतं.

मग येतो सीसीचा घोळ. बोलेरोचं जुनं साधं डीआय इंजिन 2523 सीसीचं आणि नंतरचं कॉमन रेलवालंही 2523 सीसीचंच, म्हणून एकाच्या जागी दुसरं बसेल असं वाटतं. कॉमन रेलला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, लागतो, सेन्सर लागतात, त्यांचं वायरिंग लागतं; इंजेक्टर बदलले तर अनेक गाड्यांत त्यांचे कोड ईसीयूत भरावे लागतात. नुसता ब्लॉक आणून काय करणार? मोठं इंजिन टाकून ताकद वाढवण्याचा मोहही तसाच. गिअरबॉक्स, क्लच, डिफरन्शियल आणि ब्रेक जुन्याच हिशेबाचे असतात.

‘कमी चाललेलं आहे, साहेब,’ असं वापरलेलं इंजिन विकणारा सांगतो. सुट्या इंजिनला किलोमीटरचा काटा नसतो, त्यामुळे हे वाक्य कुणीही म्हणू शकतं. डिपस्टिक बघा, तेल ताकासारखं पांढरट असेल तर त्यात पाणी शिरलंय. खालचं ऑइल चेंबर उतरवून तळाशी धातूचा चुरा आहे का बघा. पुली धरून क्रँक पुढे-मागे हलवा; ठकठक जाणवली तर तिथूनच परत फिरा.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे झालेच आहेत, तर क्लच प्लेट, मागचं ऑइल सील आणि पायलट बेअरिंग तेव्हाच बदला. नंतर शंभर-दोनशे रुपयांच्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मजुरी दुप्पट.

नवं बांधलेलं इंजिन रात्रभर स्लोवर चालू ठेवायची रीत अजून पुष्कळ गॅरेजांत आहे. उद्देश चांगला, परिणाम उलटा. रिंगा सिलिंडरला नीट बसायला दाब लागतो आणि तो भारावर चालताना मिळतो. तासन्‌तास स्लोवर ठेवलं तर सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि इंजिन कायमचं तेल पिऊ लागतं. हलका माल भरा, वेग कमी-जास्त करत चालवा, पहिलं तेल आणि फिल्टर लवकर बदला.

राहिले कागद. ‘गाडी माझी, इंजिन माझं, आरटीओला काय त्याचं?’ इंजिन नंबर आरसीवर असतो, म्हणून त्यांचंही त्यात काम आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलल्याचं 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं; त्याआधीच तिथे जाऊन मंजुरीचं विचारून घेतलेलं बरं. नियमांत न बसणाऱ्या बदलाला 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नंबर जुळला नाही तर विम्याचा दावाही अडकतो. विकत घ्यायचं वापरलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं नाही ना, हे एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत इंजिन नंबर घालून तपासता येतं. विकणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या आणि त्यावर तो नंबर लिहून घ्या.

आणि इंजिन जमिनीवर आहे तोवरच ब्लॉकवरचा नंबर रॉकेलने पुसून त्याचा पेन्सिलने ठसा काढून ठेवा, फोटोही घ्या. एकदा ते गाडीत बसलं की अनेक गाड्यांत तिथे हात पोचत नाही.