विश्लेषण : डोक्याला मार की नुसती दमछाक? रक्तचाचणी का गोंधळते?

पुण्यात ३१ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या भारत-इंग्लंड टी-२० सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याच्या जागी ‘कन्कशन बदली’ म्हणून आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले आणि वाद पेटला. मेंदूला हादरा बसला की नाही, हे रक्ताच्या एका थेंबावरून कळले तर? संशोधक अशाच चाचणीच्या मागे आहेत. मात्र त्यांच्या वाटेत एक अनपेक्षित अडथळा आहे, तो म्हणजे व्यायाम.

रक्तात नेमके काय शोधतात?

मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतील काही प्रथिने रक्तात उतरतात. एस-१००बी आणि जीएफएपी ही मेंदूतील आधारपेशींशी, तर यूसीएच-एल१ आणि टाऊ ही मज्जापेशींशी संबंधित प्रथिने. त्यांनाच ‘बायोमार्कर’ म्हणतात.

व्यायामाने काय बिघडते?

एस-१००बी फक्त मेंदूत नसते. ते चरबी, स्नायू आणि कूर्चेतही असते. जोरदार धावपळीत तेथूनही ते रक्तात येते. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुष्टियोद्ध्यांबरोबर धावपटूंच्या रक्तातही हे प्रथिन वाढलेले आढळले. धावपटूंच्या डोक्याला तर कोणी ठोसा मारलेला नव्हता! म्हणजे सामना संपताच नमुना घेतला, तर आकडा माराचा की घामाचा, हे सांगणे कठीण.

मग थोडे थांबून नमुना घ्यावा का?

तिथेही पेच आहे. एस-१००बी रक्तातून लवकर कमी होते. व्यायामाचा परिणाम ओसरेपर्यंत थांबावे, तर माराची खूणही पुसट होते. जीएफएपी मुख्यतः मेंदू व मज्जारज्जूत असल्याने त्यावर अधिक भरवसा ठेवला जातो. शिवाय हंगामापूर्वी प्रत्येक खेळाडूचा ‘मूळ आकडा’ नोंदवणे आणि तोच खेळ खेळलेल्या, पण मार न लागलेल्या खेळाडूंशी तुलना करणे, हे उपाय अभ्यासांत वापरले जातात.

अशा चाचण्यांना मान्यता नाही का?

आहे, पण वेगळ्या कामासाठी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) फेब्रुवारी २०१८ मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल१ मोजणाऱ्या चाचणीला परवानगी दिली. ती प्रौढ रुग्णाला सीटी स्कॅनची गरज आहे का, हे ठरवायला मदत करते. स्कँडिनेव्हियन देशांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही एस-१००बी आहे. सौम्य मार लागलेल्या ठरावीक गटातील प्रौढांत सहा तासांच्या आत त्याचे प्रमाण लिटरमागे ०.१० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले, तर स्कॅन टाळता येते. म्हणजे कमी आकडा दिलासा देतो, पण जास्त आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. आणि हा दिलासाही रक्तस्रावासारख्या इजेपुरताच. कन्कशनमध्ये सीटी स्कॅन बहुधा स्वच्छच येते, त्यामुळे ‘स्कॅन नको’ म्हणजे ‘कन्कशन नाही’ असे होत नाही.

मैदानावर निर्णय कसा होतो?

आजही लक्षणे, तोल, स्मरणशक्ती आणि डॉक्टरांची तपासणी यांवरच. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेनेही रक्तचाचण्या सध्या संशोधनापुरत्याच ठेवाव्यात, असे म्हटले.

शाळा-क्लबांनी काय लक्षात ठेवावे?

गावच्या कबड्डीच्या मैदानावर ना प्रयोगशाळा असते, ना डॉक्टर. म्हणून नियम सोपा : डोक्याला मार लागल्यावर खेळाडू गोंधळला, चक्कर आली, डोके दुखू लागले किंवा मळमळले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नये. डॉक्टरांना दाखवावे. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके किंवा शुद्ध हरपणे दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. ‘काही नाही, खेळ तू’ हे वाक्य मात्र टाळावे. पहिला हादरा भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार फार महागात पडू शकतो.